पस्तिसावी

आमच्या उपनगरात नगरपालिकेचं एक सभागृह आहे. दारातून आत शिरलं की लांब बोळ लागतो आणि त्या बोळात अकरा माणसांच्या तसबिरी टांगल्या आहेत. इथं जन्मून किंवा वाढून ज्यांनी नाव काढलं, ती ही माणसं. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे, एक गायिका आहे, हॉकीचा गोलरक्षक आहे, तळ्यातल्या शेवाळावर उभं आयुष्य घालवलेला शास्त्रज्ञ आहे. शहर सरकत सरकत आलं आणि आम्हाला पोटात घेऊन बसलं, तरी या अकरा जणांच्या जोरावर आम्ही अजून स्वतःला वेगळं गाव समजतो.

माझी थोरली नणंद या बोळाची राखण करायची. कागदावरचा हुद्दा सभागृह सेविका, पण सगळे त्यांना तसबिरीवाल्या बाई म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना वन्सं म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. भावाच्या घरात त्या राहिल्या असं लोक म्हणायचे; खरं म्हणजे त्यांच्या घरात आम्ही राहिलो. सुरुवातीला आमचं नणंद-भावजयीचं जसं असतं तसंच होतं. मी घडी घातलेला टॉवेल त्या उलगडून पुन्हा घडी घालायच्या आणि त्यांनी लावलेले डबे मी दुसऱ्या फळीवर हलवायची. पुढं दोघींनाही कंटाळा आला आणि आम्ही मैत्रिणी झालो.

शाळांची मुलं सभागृह बघायला आली की वन्संची कळी खुलायची. हातात पिवळं फडकं घेऊन त्या एकेका तसबिरीपुढं उभ्या राहायच्या. या गोलरक्षकाच्या अंगावर चेंडू सुसाट आला तरी डोळ्याची पापणी हलत नसे, पण गल्लीतलं कुत्रं दिसलं की हा दुसऱ्या गल्लीनं घरी जायचा. या गायिकाबाई गळा साफ करायला बसल्या की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे, आणि आता त्याच शेजाऱ्यांची नातवंडं सांगतात की आमच्या आजोबांनीच त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मुलं हसायची. मास्तरही हसायचे.

दहाव्या तसबिरीपाशी मात्र त्या थांबायच्या नाहीत. ती एका चित्रकलेच्या मास्तरांची होती. सव्वीस वर्षांचा तरुण, जाड भुवया, शर्टाच्या खिशाला तीन पेन्सिली. खाली पितळी पट्टीवर लिहिलेलं: शाळेला लागलेल्या आगीतून पस्तीस मुलांचे प्राण वाचवून स्वतः प्राण दिले. वन्सं चालता चालता तेवढंच वाचून दाखवायच्या आणि अकराव्या तसबिरीवर जायच्या. सरांच्या स्मृतिदिनाला त्यांची पत्नी हार घालायला यायची. त्या दिवशी वन्संची रजा ठरलेली. सभागृहात नोकरीला लागल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही.

घरातही त्यांच्या काही गोष्टी होत्या. चार माणसं जमली की त्या डोकी मोजायच्या. ओठ न हलवता, नुसती नजर फिरवून. सहलीला निघालो, कुणाच्या साखरपुड्याला गेलो, दवाखान्यात रांगेत बसलो, की यांचं मोजणं सुरू. पहिल्यांदा मला वाटलं, बाई माझ्यावर पाळत ठेवते आहे. आणि दुसरी गोष्ट, जिची मला कित्येक वर्षं भीती वाटली. भांडी घासता घासता, केस विंचरता विंचरता त्या एकदम थांबायच्या, वर बघायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "मी बाहेर आहे." दोनदा, कधी तीनदा. मग पुन्हा काम सुरू. आमच्या घराला वरचा मजलाच नाही. मी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, लहानपणापासून आहे ते, तू विचारू नकोस. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

सरांच्या मरणाची एक गोष्ट गावात घरोघरी माहीत होती. शाळा दुमजली होती आणि खाली अडगळीच्या खोलीत आग लागली. वरच्या वर्गात सर होते. त्यांनी एकेका मुलाला खिडकीतून शेजारच्या बेकरीच्या पत्र्यावर उतरवलं. बेकरीवाला आणि त्याचे कामगार शिडी लावून मुलांना खाली घेत होते. सगळी मुलं उतरली. सरही पत्र्यावर आले होते, आणि मग ते उलटे आत गेले. धुरात ते "खोडरबर, खोडरबर" असं ओरडत होते, हे बेकरीवाल्यानं शिडीवरून स्वतःच्या कानांनी ऐकलं. धूर डोक्यात गेला, भ्रम झाला, बिचारे आगीत खोडरबर शोधत बसले. असं लोक सांगायचे, आणि हळहळत सांगायचे. पण पुढं त्याची गंमत झाली. आमच्याकडं कुणी गोंधळला, वेंधळेपणा केला, की "ह्याला खोडरबर द्या रे" असं म्हणायची पद्धत पडली. कुठून आली हेसुद्धा पोरांना ठाऊक नसे. माझी मुलगी सात वर्षांची असताना एकदा बापाला असं म्हणाली आणि वन्संनी तिच्या थोबाडीत मारली. त्या मुलीवर त्यांनी तोपर्यंत आवाजही चढवला नव्हता. नंतर दोन दिवस त्या जेवल्या नाहीत, आणि मुलगी त्यांच्या ताटापाशी बसून राहायची.

आगीला पन्नास वर्षं होणार होती त्या वर्षी वन्संची नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते. नगरपालिकेनं ठरवलं की गावच्या या अकरा मानकऱ्यांवर एक पुस्तिका काढायची. वाचनालयातल्या एका तरुण बाईंकडं ते काम आलं. मुलगी कष्टाळू होती. घरोघरी जाऊन तिनं माहिती गोळा केली, आणि छापायला देण्याआधी कच्चा मजकूर वन्संकडं आणून दिला. म्हणाली, तुमच्याइतकं यांना कोण ओळखतं, एकदा नजर टाका.

त्या दुपारी मी कामावरून आले तेव्हा वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. कागद मांडीवर होते. मी विचारायच्या आत त्यांनी एक पान माझ्यापुढं धरलं. त्यात सरांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी ते वाक्य होतं: धुरामुळे भ्रमिष्ट अवस्थेत ते खोडरबर मागत होते, असे प्रत्यक्षदर्शी सांगतात.

"तोंडी होतं तोवर मी सहन केलं," त्या म्हणाल्या. "आता छापणार."

"काय सहन केलं?"

"खोडरबर मी आहे, वहिनी."

मला काही कळेना. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. मग त्यांनी सांगितलं.

तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि शेवटच्या बाकावर एकट्या बसायच्या. चित्रकलेत हात वाईट. चार दिवस वर्गात बादली काढणं चाललं होतं. त्या एक रेघ काढायच्या आणि तीनदा खोडायच्या. सर बाकाशी वाकून हळूच म्हणायचे, काय खोडरबर, आज बादली दिसणार का? वर्गासमोर कधी म्हणाले नाहीत. ते नाव त्या दोघांतच होतं. त्या सकाळी खोडून खोडून कागदाला भोक पडलं. त्या दिवशी चित्रं भिंतीवर लागायची होती. हजेरीला "हजर" म्हणून झालं होतं. मधली सुट्टी संपून सगळे वर जात होते, तेवढ्यात ही मुलगी मागच्या दारानं घरी पळाली, दुसरा कागद आणायला. तीन गल्ल्या तर जायचं होतं. पण आई घरी होती. आईनं दुधात पाव कुस्करून दिला आणि ती खात बसली.

खाऊन होत आलं तेव्हा बाहेर आरडाओरडा ऐकू आला. आई तिला हाताला धरून धावत सुटली. शाळेच्या कोपऱ्यावर गर्दी होती. कुणीतरी म्हणालं, एक मूल कमी भरतंय, मास्तर परत आत गेलेत.

"आई थांबली," वन्सं म्हणाल्या. "तिला कळलं. मग तिनं खाली वाकून जमिनीवरची राख उचलली आणि माझ्या फ्रॉकला चोळली. म्हणाली, तू शाळेतच होतीस. रांगेत होतीस. आणि मला त्या मुलांच्यात ढकललं. थोड्या वेळानं वरचा मजला खाली आला. मग हेडमास्तरांनी मुलं मोजली. पस्तीस. सगळे म्हणाले, सरांची मोजणी चुकली."

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. बारा वर्षं मी त्यांचं सगळं केलं होतं. शिस्तीच्या, पण मायाळू. मी आजारी पडले की रात्रंदिवस उशाशी बसायच्या. त्या हातांनी राख चोळली हे माझ्या डोळ्यांपुढं येईना.

माझ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भडकला. गेलेल्या आईच्या नावाला आता काळं फासणार का, असं त्यानं बहिणीला विचारलं. पन्नास वर्षांनी कुणाला काय मिळणार आहे, असंही विचारलं. वाचनालयातल्या बाईंकडं जाऊन वन्संनी ते एक पान चार दिवस थांबवायला सांगितलं, आणि मला म्हणाल्या, माझ्याबरोबर चला.

सरांच्या पत्नी स्टेशनच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, त्यामुळं गावात त्या टेलिफोनवाल्या बाई. चौऱ्याहत्तरीच्या, ताठ, बोलणं अगदी स्पष्ट. लग्नाला चौदा महिने झाले होते तेव्हा सर गेले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला. वन्संचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटला, पण कुठं पाहिलं ते आठवेना. आणि आठवणार कसं? वन्संनी पन्नास वर्षं त्यांना रस्त्यात टाळलं होतं.

वन्संनी कप हातात घेतलाच नाही. आपण कुणाची मुलगी ते त्यांनी आधी सांगितलं आणि मग बाकी सगळं, मला सांगितलं त्याच क्रमानं. बादली, भोक, दूध-पाव, राख. फोनवर दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय असावी तसं टेलिफोनवाल्या बाई मान थोडी तिरकी करून ऐकत होत्या. पण राखेपाशी वन्सं थांबल्या नाहीत, पुढं बोलल्या. मला जे सांगितलं नव्हतं ते.

"मी रांगेत उभी होते तेव्हा सर जिवंत होते. मला हाक ऐकू आली. वरून. खोडरबर, खोडरबर, कुठं आहेस. मी ओरडणार होते की मी बाहेर आहे. माझं तोंड उघडलं होतं. आईनं मागून माझ्या तोंडावर हात दाबला. तिला माहीत नव्हतं की ते माझं नाव आहे. तिला वाटलं मी रडणार. मी तिचा हात चावले तरी तिनं काढला नाही. मग मजला पडला."

शेवटच्या आजारात सासूबाई उजवा तळवा सारखा चादरीला पुसायच्या. मी ओल्या फडक्यानं पुसून द्यायची आणि त्या पुन्हा पुसायला लागायच्या.

टेलिफोनवाल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुला खोडरबर कोण म्हणायचं?"

"सर."

"का?"

"मी काढायचे कमी आणि खोडायचे जास्त."

त्या हसल्या. खरंच हसल्या, तोंडावर हात न धरता, एखाद्या जुन्या खोडीची आठवण झाल्यासारख्या. असंच ठेवायचे ते नावं, म्हणाल्या. मग उठल्या, आमचे भरलेले कप उचलले आणि आत जाऊन ते धुवायला लागल्या. पाणी बराच वेळ वाहत होतं. परत आल्या तेव्हा खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या.

"म्हणजे ते शुद्धीवर होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"बेकरीवाल्यानं अग्निशामक दलाला फोन केला, तो मीच जोडला होता. शाळेला आग लागलीय एवढं ऐकलं आणि जोडून दिला. उठून जाता येईना. संध्याकाळी लोक मला सांगायला आले की ते शेवटी बरळत होते. पन्नास वर्षं मी हेच धरून बसले, की जाताना त्या माणसाला मी आठवले नाही, घर आठवलं नाही, कुणी आठवलं नाही. एक रबराचा तुकडा आठवला." त्या थांबल्या. "तुझ्या आईला मी दर आठवड्याला भाजीच्या दुकानात भेटत होते. ती माझी पिशवी धरायची."

वन्संनी माहीत आहे अशी मान हलवली.

"तुला एवढं सांगायला पन्नास वर्षं लागली?"

"लागली."

"लहान होतीस तोवर समजू शकते. नंतर काय झालं होतं?"

वन्संनी मान खाली घातली. टेलिफोनवाल्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आता जा तुम्ही दोघी. गुरुवारी ये. एकटी ये."

जिन्यातून मी वन्संना दंड धरून खाली आणलं. रस्त्यावर आल्यावर त्यांनी वळून वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

गुरुवारी त्या एकट्या गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला पूर्ण सांगितलं नाही. एवढंच कळलं की त्या बाईंनी माफ केलंय असं म्हटलं नाही, आणि वन्संनी माफी मागितलीही नाही. दोन गोष्टी मात्र ठरल्या. पुस्तिकेत खरं ते छापायचं, आणि पन्नासाव्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात वन्संनी उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. सरांच्या वर्गातली वीस-बावीस माणसं पुढच्या रांगांत होती, सगळी साठीला टेकलेली. माझा नवरा येणार नाही म्हणाला होता. तो आला, शेवटच्या रांगेत टोकाला बसला. वन्सं व्यासपीठावर गेल्या नाहीत. खालीच माइकपुढं उभ्या राहिल्या. सवयीनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली; मोजलंच असणार. मग म्हणाल्या की सरांनी पस्तीस नव्हे, चौतीस मुलं वाचवली. पस्तिसावी मी. मी त्या वेळी घरी दूध-पाव खात होते. खोडरबर हे त्यांनी मला ठेवलेलं नाव होतं. ते मला शोधायला गेले, आणि ते पूर्ण शुद्धीवर होते. आईचा हात त्यांनी सांगितला नाही. तेवढं त्यांनी भावाला दिलं.

नगराध्यक्षांना पुढं काय म्हणावं ते सुचेना, त्यांनी डॉक्टरांच्या तसबिरीबद्दल दोन वाक्यं बोलून वेळ निभावली. बाहेर पडताना वर्गातल्या एक बाई वन्संच्या अंगावरून तोंड फिरवून गेल्या. दुसऱ्या एकीनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, नऊ वर्षांची होतीस गं. वन्संना तो हात तोंड फिरवण्यापेक्षा जड गेला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर शेगडी दुरुस्त करणारे गृहस्थ उभे होते. गावातल्या निम्म्या घरांतल्या गॅसच्या शेगड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आमचीही. मला वाटलं पाने-पकडीची पिशवी घेऊन चुकीच्या घरी आले. पण हात मोकळे होते. ते आत येऊन बसले आणि वन्संना म्हणाले, मी तुझ्या पुढच्या बाकावर बसायचो.

मग ते सांगू लागले. पत्र्यावरून खाली उतरल्यावर त्यांना मळमळलं आणि ते बेकरीच्या मागं जाऊन ओकले. परत आले तेव्हा लोक म्हणत होते, एक कमी भरतोय, सर आत गेले.

"मला वाटलं, तो कमी भरलेला मीच," ते म्हणाले. "मी मागं होतो म्हणून मोजणी चुकली. मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, कुणालाच नाही. आयुष्यभर मीच त्यांना मारलं असं धरून चाललो."

ते रडले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. आपण गप्प राहिलो ते फक्त आपल्याच छातीवर आहे अशी वन्संची समजूत होती. आज त्यांना कळलं की ते दुसरंही कुणीतरी वाहत होतं, आणि कदाचित आणखीही कुणी. त्या माणसाचे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. मी आतल्या खोलीत निघून गेले.

त्यानंतरचे दोन महिने वन्संनी एकच काम केलं. चौतिसांतली सत्तावीस माणसं हयात होती. प्रत्येकाचा पत्ता शोधून त्या त्याच्या दारात गेल्या. कार्यक्रमाला जे नव्हते त्यांच्याकडं आधी. बहुतेक ठिकाणी मी बरोबर होते. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. एकानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, आठवू द्यायचंही नाही. आणखी दोन जण निघाले, जे सर परत आत गेले त्या वेळी जागेवर नव्हते. एक जण घराकडं पळत सुटून अर्ध्या वाटेवरून परत आला होता, आणि दुसरी बेकरीच्या गाडीखाली लपली होती. त्या दुसरीनं वन्संना दारातून आत घेतलं आणि रात्रीच्या जेवणाला ठेवून घेतलं.

पुस्तिका निघाली. सरांच्या पानावर आता चौतीस असं आहे, आणि आत राहिली असं वाटलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या लाडक्या नावानं हाका मारत ते परत आत गेले, असं वाक्य आहे. पितळी पट्टीही बदलली. जुनी पट्टी वन्संनी स्वतः पेचकसानं काढली; नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातलं काम. "ह्याला खोडरबर द्या" असं मात्र लोक अजून म्हणतात. तोंडातलं कोण बदलणार?

वन्सं दर गुरुवारी टेलिफोनवाल्या बाईंकडं जातात. त्या बाईंना सरांबद्दल ऐकायचं असतं. त्यांच्या वाट्याला चौदा महिने आले आणि वन्संच्या वाट्याला सात. पण वर्गातला माणूस बायकोला दिसत नाही. खडू कसा धरायचे, रागावले की काय करायचे, शिंक आली की भिंतीकडं तोंड करायचे का. सात महिन्यांच्या आठवणी अशा किती असणार? त्या केव्हाच संपल्या. आता वन्सं तेच तेच सांगतात आणि त्या बाई पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात. कधी कधी भांडतातही. एका गुरुवारी वन्सं गेल्या तर दार उघडलंच नाही, आतून आवाज आला, आज नको, आज मला तुझा राग आलाय. त्या परत आल्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेल्या.

हे सगळं मार्गी लागल्यावर मला वाटलं होतं की आता बाई सुटली. भांडी घासताना थांबणं बंद झालं. "मी बाहेर आहे" हे शब्द पुन्हा कानावर आले नाहीत. मी मनात खूश होते. पण वन्सं वाळत चालल्या. जेवण कमी झालं. दुपारी त्या उगाच घरभर फिरायच्या, खोलीच्या मध्ये उभ्या राहून कान द्यायच्या. पुष्कळदा सभागृहात जाऊन बसायच्या. नवीन सेविका त्यांना खुर्ची द्यायची. एक दिवस मी त्यांना आणायला गेले तर त्या दहाव्या तसबिरीखाली बसल्या होत्या आणि वर बघत होत्या.

मी म्हटलं, "वन्सं, आता तर हाक येत नाही ना?"

"नाही येत. त्या कार्यक्रमाच्या दिवसापासून एकदाही नाही."

"मग बरंच झालं की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी काहीतरी मूर्खासारखं बोलले आहे हे मला कळलं.

"पन्नास वर्षं कुणीतरी मला शोधत होतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "आता कुणी शोधत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. बोळात शाळेची मुलं शिरली होती, नव्या सेविकेला गोलरक्षकाची गोष्ट नीट सांगता येत नव्हती, ती कागद बघून वाचत होती. थोड्या वेळानं वन्सं उठल्या, तिच्या हातातून हळूच फडकं घेतलं आणि मुलांकडं वळून म्हणाल्या, ते राहू दे, कुत्र्याचं मी सांगते.